पोर्च बुजवून घराची किंमत वाढत नाही

मौद्यात नवं घर बांधून दोन-चार वर्षं झाली की घरमालकाला एक सल्ला हमखास मिळतो. पुढचा पोर्च किंवा शटर लावलेलं गॅरेज मोकळंच पडलं आहे, त्याला भिंत घाल, दार-खिडकी बसव, मागच्या कोपऱ्यात संडास-बाथरूम काढ. राहतोस तोवर किराया येईल आणि विकायची वेळ आली की तेवढे फूट जास्तीचे विकले जातील. सल्ला देणारा कधी ठेकेदार असतो, कधी प्लॉटचा दलाल, कधी घरातलाच कुणी जाणता माणूस. यातला किरायाचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, त्याकडे मी पुढे येतो. विकताना खोली पैसे मिळवून देते, हा दुसरा भाग मात्र चुकीचा आहे. तो इतक्या खात्रीने आणि इतक्या लोकांकडून सांगितला जातो की त्याला उत्तर देणं भाग आहे. नकाशा सुधारून मंजूर करून न घेता गॅरेजची खोली केली, तर पुनर्विक्रीत घराची किंमत घटते, गिऱ्हाईक कमी होतं आणि विकणाऱ्याच्या डोक्यावर नवी जोखीम येऊन बसते.

या सल्ल्याला जुनं मूळ आहे. धानाच्या पट्ट्यातल्या या गावांत घर कधी एकदाच बांधून पुरं होत नसे, ते कुटुंबाबरोबर वाढत जाई. बैल गेले, कोठा रिकामा झाला, त्याची खोली झाली. मुलाचं लग्न ठरलं, छपरीला भिंत आली. कुणी नकाशा मागितला नाही, कारण नकाशा नव्हताच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव होतं, तेवढं पुरे होतं. आणि मुख्य म्हणजे ते घर विकायचं नसे. ते बापाकडून मुलाकडे जाई. विकलं गेलंच तर भाऊबंदांत किंवा शेजाऱ्याला, म्हणजे ज्याला कुठली भिंत कुणी कधी घातली हे पाठ होतं अशाला. अशा व्यवहारात वाढीव खोलीचे पैसे मिळाले असतील. गावठाणातल्या जुन्या घराला आजही हे काही प्रमाणात लागू असेल. पण हा अनुभव उचलून लेआउटमधल्या घराला लावायचा, ही पहिली चूक.

कारण आजचा मौदा वेगळा आहे. जवळच एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे, ५०० मेगावॅटचे दोन संच आणि ६६० मेगावॅटचे दोन, मिळून २,३२० मेगावॅट. हिंदाल्कोचा कारखाना आहे. पूर्वी सहा नंबरचा म्हणत तो आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना इथूनच जातो. शेतं अकृषक झाली, लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, त्यांवर घरं उठली. त्या घराचा पुढचा गिऱ्हाईक शेजारचा भाऊबंद नसतो. तो बदली होऊन आलेला असतो, किंवा रोजच्या नागपूर-मौदा ये-जेला कंटाळलेला पगारदार असतो. बहुतेक वेळा नवरा-बायको दोघं मिळून कर्ज काढतात. त्यांना घराचा इतिहास ठाऊक नाही. ते कागद बघतात, आणि त्यांच्यापेक्षा बारकाईने त्यांची बँक बघते. अनोळखी माणसाला, कर्जावर घर विकणं हीच मुळात इथली नवी गोष्ट आहे. ‘आमच्याकडे असंच चालत आलं’ या वाक्यात हा व्यवहार बसतच नाही.

बँक काय बघते ते नीट समजून घेऊ, कारण सगळा वाद तिथेच निकालात निघतो. दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००६ मध्ये बँकांना सांगितलं की घरकर्ज देताना मंजूर नकाशाची प्रत घ्या आणि बांधकाम त्या नकाशाप्रमाणे आहे याची खात्री वास्तुविशारदाकडून करून घ्या. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा दोर आणखी आवळला. प्रकरण मेरठच्या शास्त्रीनगरचं होतं. राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर परवानगी न घेता दुकानं उभी राहिली होती आणि वर्षानुवर्षं चालली होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने ती पाडण्याचा आदेश कायम केला. इतकी वर्षं गेली, पैसा ओतला, अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याच निकालात देशभरासाठी निर्देश आहेत. त्यांतला एक असा की बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज देण्याआधी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासावा. मेरठची दुकानं आणि मौद्यातली एक खोली यांत आकाराचा फरक आहे, हे मला कळतं. बँकेच्या कारकुनाला तो फरक कळून उपयोग नाही. त्याच्यापुढच्या यादीत एकच प्रश्न असतो, जागेवरचं बांधकाम मंजूर नकाशाशी जुळतं का.

बँकेचा मूल्यांकनकार येतो तेव्हा त्याच्या हातात टेप आणि तो नकाशा असतो. नकाशात ‘पार्किंग’ लिहिलेल्या चौकोनात त्याला पलंग, कूलर आणि गॅस दिसतो. तो फोटो काढतो आणि अहवालात ‘डेव्हिएशन’ असा शेरा मारतो. मग शक्यता तीन. सरळ बँक असेल तर फाइल परत येते. मवाळ बँक असेल तर तेवढं क्षेत्र वगळून किंमत धरते. काही ठिकाणी आधी मूळ स्थितीत आणा, मग बोलू, असं सांगतात. त्या खोलीचे पूर्ण पैसे धरून कर्ज द्यावं, असा कुठलाही नियम नाही.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रमाण मात्र खरं आहे. समजा मालक ४५ लाख मागतो आणि त्यात खोलीचे ४ लाख धरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या घरकर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. खोली मंजूर असती तर ४५ लाखांवर ३६ लाख मिळाले असते आणि घेणाऱ्याला पदरचे ९ लाख घालावे लागले असते. खोली वगळून बँकेने घर ४१ लाखांचं धरलं, तर कर्ज ३२ लाख ८० हजार. पदरचे १२ लाख २० हजार. म्हणजे खोलीचे चारही लाख घेणाऱ्याच्या खिशातून, आणि त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आहेच. ज्याच्याकडे जेमतेम ९-१० लाख साठले आहेत तो इथे थांबतो आणि दुसऱ्या लेआउटमध्ये घर बघायला जातो. मागे राहतो तो रोखीवाला. आपण एकटेच उरलो आहोत हे त्याला चांगलं कळतं. तो ४१ सुद्धा देत नाही. पार्किंग गेलं, भिंत पाडायचा खर्च आहे, नोटीस आली तर काय, एवढी तिन्ही कारणं सांगून तो ३८ वर येतो. आणि घासाघीस करताना तो जे सांगतो ते खरंच असतं. खोली केली नसती तर हेच घर ४१ ला कर्जवाल्या गिऱ्हाइकाला गेलं असतं.

यावर दलालांचं ठरलेलं उत्तर असतं: खोलीचे पैसे वरचे वर घेऊन टाकायचे, रजिस्ट्रीत दाखवायचे नाहीत. हा सल्ला देणाऱ्याने विकणाऱ्याला खड्ड्यात लोटलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १ जून २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर बंदी घातली आहे. मोडली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड, आणि तो घेणाऱ्यावर, म्हणजे घर विकणाऱ्यावर. चार लाख रोख घेतले आणि सापडले तर चार लाख दंड. देणारा सुटतो, दलाल कमिशन घेऊन केव्हाच गेलेला असतो. त्याखेरीज मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितला पाहिजे, असं तो म्हणतो. खोली डोळ्यांना दिसते, नकाशात ती नाही हे दिसत नाही. उद्या वाद झाला तर हे उगाळलं जाईल.

दुसरा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. नगरपंचायतीने त्या खोलीवर कर बसवला, पावती हातात आहे, मग ती बेकायदा कशी? लोक ही पावती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि गिऱ्हाइकापुढे ठेवतात. बांधकाम वापरात आहे म्हणून त्यावर कर लागतो, मंजूर आहे म्हणून नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात कलम १८९-अ आहे, नगरपंचायतींनाही तो कायदा लागू आहे. अनधिकृत बांधकामावर नेहमीच्या कराशिवाय त्याच्या दुप्पट दंड आकारता येतो, आणि हा कर किंवा दंड भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानता येणार नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे जी पावती कायदेशीरपणाचा पुरावा म्हणून मिरवली जाते, तीच दंडाची असेल तर अनधिकृतपणाचा पुरावा ठरते. वेगळ्या वीज मीटरचंही तेच. मीटर बसलं म्हणजे नकाशा मंजूर झाला नाही.

मग येतं, ‘पुढे कधीतरी सरकार नियमित करतंच.’ सरकारने केलं आहे, हे खरं. पण कशाला आणि कधीपर्यंतचं, ते कुणी बघत नाही. गुंठेवारीचा २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला तेव्हा मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. नगररचना कायद्यात घातलेलं कलम ५२-अ ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी आहे. आज जो विटा उतरवतो आहे त्याला या दोन्हींचा आधार नाही. पुढे कुठलं सरकार कुठली तारीख देईल यावर भरवसा ठेवून आज लाखांचा खर्च करायला सांगणं हा सल्ला नव्हे, दुसऱ्याच्या पैशाने खेळलेला जुगार आहे.

‘दीड हजार फुटांच्या आतल्या प्लॉटला परवानगीच लागत नाही’ हेही असंच अर्धवट ऐकलेलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिने लहान भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली. परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा नकाशा द्या, शुल्क भरा, पोचपावती हीच परवानगी. नकाशा तिथेही आहे, नियम तिथेही आहेत. कमी झाले ते हेलपाटे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मिस्त्रीही सांगत नाही, दलालही सांगत नाही. घराचा नकाशा मंजूर होतो तेव्हा गाडी लावायची जागा चटई क्षेत्रात मोजली जात नाही. ती फुकट मिळालेली असते, गाडीसाठी म्हणून. तिची खोली केली की ते सगळे फूट चटई क्षेत्रात येतात. प्लॉटवर चटई क्षेत्र निर्देशांक शिल्लक असेल, समास सुटत असतील, गाडीसाठी दुसरी जागा दाखवता येत असेल, तर सुधारित नकाशा मंजूर होऊ शकतो. नगरपंचायतीच्या हद्दीत नगरपंचायत, आणि ज्या गावांवर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा अधिकार चालतो तिथे ते, अर्ज घेतात. पण मालकाने वरचा मजला बांधताना निर्देशांक आधीच संपवला असेल तर ही खोली साध्या अर्जाने कधीच कायदेशीर होणार नाही. तो वर्षानुवर्षं एका अशा खोलीवर रंग लावत राहतो जी कागदावर जन्मच घेऊ शकत नाही. हे खोली बांधण्याआधी एका तासात कळू शकतं. घराचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरकडे जाऊन शिल्लक किती हे विचारायचं, एवढंच.

आता किराया. माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. मौद्यात प्रकल्पावर, कारखान्यांत, ठेकेदारांकडे काम करणाऱ्यांना स्वस्त खोल्या लागतात आणि त्या कमी आहेत. समजा बंद केलेल्या गॅरेजला महिना ३ हजार मिळतात. वर्षाचे ३६ हजार. भिंती, फरशी, संडास-बाथरूम, वायरिंग धरून अडीच लाख खर्च आला तर तो फिटायला सातेक वर्षं लागतात. ज्याला इथेच पुढची वीस वर्षं काढायची आहेत, विकायचं मनातही नाही, त्याला तेरा वर्षांचा किराया सुटा मिळतो. त्याला मी अडाणी म्हणणार नाही. निवृत्त माणसाला, विधवा बाईला महिन्याचे ते तीन हजार मोठा आधार असतात. पण हा हिशेब राहण्याचा आहे. विकण्याच्या हिशेबात तो मिसळला की फसगत होते. पाच वर्षांत विकायचं असेल तर हाती आलेला किराया १ लाख ८० हजार. खर्चाचे सत्तर हजार अजून फिटलेले नाहीत, आणि वरून किमतीत तूट. शिवाय विकताना भाडेकरू आत असेल तर बँक आणि घेणारा दोघंही तो निघाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

आणि किराया मिळतो म्हणून खोली राहण्याजोगी आहे, असंही नाही. नियमावलीने चारचाकीसाठी ठरवलेली जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी आणि उंची पावणेतीन मीटर हवी. साडेबारातून संडास-बाथरूमचे तीन चौरस मीटर काढले की बरोबर साडेनऊ उरतात. भिंतींची जाडी वजा केली की नियमाच्या खाली. उंचीचं आणखी वाईट. गाडी चढावी म्हणून गॅरेजची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवलेली असते, आणि पाणी निघून जावं म्हणून तिला रस्त्याकडे उतार असतो. खोली करताना भर घालून ती वर आणली की छत डोक्याशी येतं. भर न घालता राहिलं की पाणी आत येतं. हे पाणी कल्पनेतलं नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पेंच प्रकल्पाची दारं उघडली आणि कन्हानला पूर आला, तेव्हा पारशिवनी, कामठी, मौदा तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. घरातली सर्वांत खालची खोली तीच असते जी कधी गॅरेज होती. तिच्यात बहुधा घरमालक झोपत नाही. कामगार झोपतो, तेही पुढच्या बाजूला एकच खिडकी, चार इंची भिंत, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन असताना. अशा खोलीला ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घर बघायला आलेली गिऱ्हाईकबाई त्या खोलीत पाय ठेवते, ओल हुंगते, आणि काहीही न बोलता बाहेर येते. किंमत तिथे पडलेली असते.

इथे उलट्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं, कारण तेही घाईत आहेत. अमेरिकेत राहणारे आपले नातलग फोनवर सांगतात की गॅरेज गेलं की घर गेलं, काहीही झालं तरी हात लावू नका. त्यांच्या उपनगरातलं ते खरं असेल. पण त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाने घरांच्या टंचाईपायी २०१७ पासून गॅरेजची राहती जागा करायला कायद्याने वाट मोकळी केली. २०२० पासून तर गॅरेजचं राहतं घर केलं म्हणून गेलेल्या पार्किंगची भरपाई दुसरीकडे करून दाखवायचं बंधनही काढलं. तिथे परवाना घेऊन केलेलं गॅरेज घराची किंमत वाढवू शकतं, आणि परवान्याविना केलेलं विक्रीच्या वेळी खरेदीदाराला उघड करून सांगावं लागतं. म्हणजे खोली आपोआप शाप नाही आणि आपोआप वरदानही नाही. तिथेही निवाडा परवान्यावर होतो. आपल्याकडच्या दोन्ही पक्षांनी हा भाग गाळला आहे.

मात्र एका बाबतीत मौद्याची परिस्थिती कॅलिफोर्नियाहून कडक होत जाणार आहे, आणि ती म्हणजे गाडी. ‘माझ्याकडे गाडी नाही, मला गॅरेज कशाला’ असं म्हणणारा मालक स्वतःचा विचार करतो. घर विकताना विचार पुढच्या माणसाच्या गाडीचा करायचा असतो. महामार्गावरच्या गावात पगारदार गिऱ्हाइकाकडे गाडी असतेच, नसेल तर दोन वर्षांत येणार असते. नव्या नियमावलीने पार्किंगची मागणी कमी केली म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने बजावलं की ज्या कुटुंबाकडे गाड्या लावायला जागा नाही त्याला चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नको, असा प्रस्ताव राज्याच्या परिवहन खात्याने २०२५ मध्ये मांडला. तो कायदा होईल तेव्हा होईल. पण वारा कुठून वाहतो ते दिसतं. नागपूरला धंतोलीत रुग्णालयांच्या गाड्यांनी राहत्या गल्ल्या भरल्या, तो वाद धंतोली नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. आज मौद्याच्या लेआउटमधले नऊ मीटरचे रस्ते मोकळे आहेत म्हणून गाडी बाहेर उभी राहते. प्रत्येकाने पोर्च बुजवल्यावर त्याच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागतील आणि पाण्याचा टँकर वळणार नाही. तेव्हा ज्याने आपली पार्किंगची जागा राखली त्याच्या घराला भाव येईल.

फ्लॅटवाल्यांना तर हा खेळ खेळायचा अधिकारच नाही. ३१ ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोढा यांच्या निकालाने सांगितलं की खांबांमधली मोकळी पार्किंगची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे, ती बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक आहे. तिथे भिंत घालून ऑफिस किंवा खोली करणारा स्वतःची नव्हे, सगळ्यांची जागा बुजवतो.

एक कारण मात्र असं आहे ज्यापुढे बाजारभावाची चर्चा मला गौण वाटते. म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले, वरच्या मजल्यावर चढता येत नाही, खाली दुसरी खोली नाही. तिच्यासाठी गॅरेजची खोली करावीच लागते, आणि अशा मुलाला किंमत घटेल असं सांगून परत पाठवणं मला जमणार नाही. त्याला मी एवढंच सांगेन की शिल्लक निर्देशांक तपासून आधी सुधारित नकाशासाठी अर्ज करा. जोत्याची भर पुरेशी घ्या, मागेही एक खिडकी ठेवा म्हणजे हवा आरपार जाईल. रस्त्याकडचा उतार तोडू नका, पुढच्या बीमला हात लावू नका, शटरची चौकट भिंतीत राहू द्या, म्हणजे उद्या परत गाडी आत घ्यायची झाली तर भिंत तेवढी काढावी लागेल. मंजुरी मिळाली तर ती खोली रजिस्ट्रीत उजळ माथ्याने लिहिता येईल आणि तिचे पैसे बँकेतूनच येतील.

ज्यांची खोली करून झाली आहे त्यांनी घराला गिऱ्हाईक बघायच्या आधी आपल्या खर्चाने एका वास्तुविशारदाला बोलावून मोजणी करून घ्यावी. मंजूर होण्याजोगी असेल तर शुल्क आणि दंड भरून मंजूर करावी. नसेल तर आतलं सामान काढावं, पुढची भिंत पाडावी, संडासाची लाइन बंद करावी आणि घर मूळ नकाशाप्रमाणे दाखवावं. त्यात काही हजार जातील. कर्जवाल्या गिऱ्हाइकाची फाइल बँकेत अडकून परत आल्यावर जे जातं त्यापेक्षा ते कमी आहेत. आणि खोली धरून फुटाचा भाव सांगणाऱ्या दलालाकडे कुणी आलंच, तर त्याने आधी मंजूर नकाशाची प्रत मागावी. ती नाही म्हटलं की त्या खोलीचा भाव मागायचा दलालाला हक्क उरत नाही.